थार-जिम्नीवाल्यांनो, बर्फाकडे निघण्याआधी

नाताळच्या सुटीत पुणे, नाशिक, कोल्हापूर, मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन मनालीकडे निघणाऱ्या सर्वांना ही तातडीची विनंती आहे. नारकंडा, औली, सोनमर्ग किंवा तवांगला निघाला असाल तर तुम्हालाही. गाडी थार असो, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन, गुरखा, फॉर्च्युनर की जपून ठेवलेली जुनी जिप्सी. तिच्यात फोर-व्हील ड्राइव्हचा दांडा किंवा बटण आहे, एवढ्याच भरवशावर बर्फात उतरू नका. त्या दांड्याने गाडीला पुढे जायला बळ मिळतं. थांबायला मिळत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये मनालीच्या पुढे सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फ पडला आणि ऐन सुटीत शेकडो गाड्या अडकल्या. त्या दिवसांतल्या चित्रफिती आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिल्या आहेत. गाडी उतारावरून अगदी सावकाश घसरते आहे, ड्रायव्हर ब्रेकवर उभा राहिल्यागत पाय रोवून बसला आहे आणि गाडी त्याचं काहीएक ऐकत नाही. आपण त्या बघतो, हसतो, पुढे पाठवतो. घसरणाऱ्यांत फोर-बाय-फोर गाड्याही असतात, इकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

पहिली गोष्ट अगदी साधी, पण विचारायला संकोच वाटावा अशी. तुमची गाडी खरोखर फोर-बाय-फोर आहे ना? जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते आणि ती दिसायला तितकीच रांगडी आहे. स्कॉर्पिओ-एन आणि थार रॉक्सही दोन्ही प्रकारांत विकल्या जातात. मित्राची किंवा भाड्याची गाडी घेऊन निघालेल्यांनी तर दांडा, बटण आणि डॅशबोर्डवरचा दिवा स्वतः पाहावा. बर्फ पडला की मनालीच्या पुढे नेहरू कुंडाजवळ पोलीस गाड्या अडवतात आणि पुढे फक्त फोर-बाय-फोर सोडतात. नियम योग्यच आहे. पण त्याचा एक तोटा मला दिसतो. तिथून पुढे सोडलेल्या माणसाला आपल्याला प्रमाणपत्र मिळाल्यासारखं वाटतं. पोलिसाने गाडी पाहिलेली असते. तुमचे टायर आणि तुमचा हात त्याने पाहिलेला नसतो.

वर नावं घेतलेल्या बहुतेक गाड्यांमधली व्यवस्था पार्ट-टाइम आहे. एरवी, म्हणजे २एचमध्ये, फक्त मागची चाकं गाडी ढकलतात. ४एच लावलं की ट्रान्स्फर केसमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि दोन्ही एकाच गतीने फिरतात. सरळ रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. वळणावर मात्र पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात आणि मागची लहान वर्तुळावरून, म्हणून पुढच्यांना जास्त फिरायचं असतं. जखडलेले शाफ्ट तसं फिरू देत नाहीत. बर्फ, चिखल, वाळू असेल तर एखादं चाक किंचित घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर घसरायला वावच नसतो. मग तो ताण शाफ्टमध्ये, गिअरच्या दातांत, टायरमध्ये साठत जातो. स्टीअरिंग जड होतं, गाडी वळणावर अडखळत चालते, एरवी एका दमात बसणारं वळण दोन दमांत घ्यावं लागतं, आणि शेवटी दांडा ४एचमधून निघायलाच तयार होत नाही. दांडा असा अडकला तर त्याच्याशी कुस्ती खेळू नका. सपाट जागा बघून गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या. ताण सुटला की तो आपोआप हलका होतो.

‘मग बर्फात ४एच, डांबरावर २एच, झालं की!’ असं कुणी म्हणेल. हिवाळ्यातला डोंगरी रस्ता इतका सरळ वागत नाही. उन्हाच्या बाजूला कोरडं डांबर, पुढच्या वळणावर देवदारांच्या सावलीत कडक बर्फ, मग पुन्हा कोरडं, मग नाल्याचं पाणी रस्त्यावर येऊन गोठलेलं. हिमाचल-उत्तराखंडातले लोक ज्याला ‘पाला’ म्हणतात तो तर दिसतच नाही. रस्ता नुसता ओला वाटतो आणि प्रत्यक्षात त्यावर काचेसारखा पातळ थर असतो. पुलांवर तो आधी धरतो, कारण पुलाला खालूनही वारा लागतो. दिवसा वितळलेलं पाणी सूर्य डोंगराआड गेला की परत गोठतं. दोन-तीन तासांपूर्वी तुम्ही आरामात पार केलेला रस्ता परतीला तोच राहिलेला नसतो. म्हणून दुपारी दोन-तीनच्या पुढे वर थांबू नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

असा ठिगळांचा रस्ता लागला तर माझं मत स्पष्ट आहे: ४एचमध्ये राहा आणि वेग इतका कमी ठेवा की मधल्या कोरड्या तुकड्यावर यंत्रावर विशेष ताण येणार नाही. छोट्या, सरळ कोरड्या पट्ट्याने काही मोडत नाही. टायर थोडे झिजले तर झिजू देत. कोरडा रस्ता सलग सुरू झाला आणि वळणं आली की मात्र २एच. हा बदल वळणात करायचा नाही, चढात चाकं गरगरत असताना करायचा नाही. स्टीअरिंग सरळ, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचललेला, मग बदल. आणि डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर झाल्याशिवाय बदल झाला असं समजायचं नाही. किती वेगापर्यंत ४एच लावता येतं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बर्फात त्याच्या कितीतरी खाली राहा.

अटल बोगद्याचंच उदाहरण घ्या. तो ९.०२ किलोमीटरचा आहे, ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला आणि समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटरवर आहे. आत रस्ता कोरडा, दिवे लखलखीत, वारा नाही. गाडी आपसूक पळायला लागते. दक्षिणेकडच्या तोंडापर्यंत जीव मुठीत धरून आलेला माणूस आत सैल होतो, मुलं आरडाओरडा करतात, कुणीतरी गाणी लावतं. आणि मग उत्तरेच्या तोंडातून तुम्ही लाहौलमध्ये बाहेर पडता. तिथली थंडी कुलूपेक्षा कडक असते, डोळे उजेडाने दिपलेले असतात आणि चाकांखाली गोठलेला रस्ता असू शकतो. त्यामुळे बोगद्यात २एचवर आलात तरी शेवट जवळ आला की वेग उतरवा, सरळ रस्त्यावरच ४एच लावा आणि बाहेर पडताना गाडी पायी चालणाऱ्याच्या बेताने न्या. बोगद्यात मधेच थांबायला बंदी आहे. फोटोसाठी तर नाहीच नाही.

आता थांबण्याबद्दल. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, अगदी अल्टोलाही. फोर-व्हील ड्राइव्हमुळे त्यांत भर पडत नाही. थांबवतं ते टायर आणि रस्ता यांमधलं घर्षण. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण ९ मीटरमध्ये उभी राहते. दाबल्या गेलेल्या बर्फावर त्याच गाडीला ३० मीटरच्या आसपास लागतात. गुळगुळीत, गोठलेल्या थरावर ६० मीटरच्या पुढे. यात तुम्ही दचकून ब्रेकवर पाय नेईपर्यंतचं अंतर धरलेलं नाही. त्या एका सेकंदात आणखी ११ मीटर जातात. वेग निम्मा केला, २० वर आणला, की थांबण्याचं अंतर निम्मं होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येतं. साठाचे पंधरा-सोळा मीटर होतात. बर्फावर जीव वाचवणारं याहून स्वस्त साधन दुसरं नाही आणि ते दांड्यात नाही, उजव्या पायात आहे.

याहून भीती वाटावी अशी गोष्ट उताराची. गोठलेल्या थरावर घर्षण इतकं कमी असतं की दहा मीटर पुढे जाताना एक मीटर खाली उतरणाऱ्या रस्त्यावर चारही चाकं घट्ट आवळून उभी केलेली गाडीसुद्धा जागची सरकू लागते. कुणी चालवत नाही, इंजिन बंद आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, तरीही. घाटातल्या काही वळणांवर एवढा उतार सहज असतो. म्हणून उतारावर गाडी थांबवण्याची वेळच येऊ देऊ नका. पुढची गाडी उतार संपवून, वळण घेऊन सपाटीला लागेपर्यंत वरच थांबा. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू देत.

चढताना ४एच फसवतं, कारण ते रस्त्याचा निसरडेपणा लपवतं. नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी गाडी जरा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शेपूट हलवून सांगते, ‘जपून!’ चारही चाकांवर ती मुकाट्याने चढते. चढून गेलेल्या माणसाला वाटतं, रस्ता ठीक आहे. तोच रस्ता त्याला परत उतरायचा असतो. यासाठी एक सवय लावून घ्या: आजूबाजूला कुणी नाही, रस्ता सपाट आणि सरळ आहे, अशा जागी ताशी दहाच्या वेगात ब्रेक हलकेच दाबून पाहा. एबीएसची खरखर पायाला लगेच जाणवली तर समजा, उतरताना याच रस्त्यावर तुमचा कस लागणार आहे.

उतार सुरू होण्यापूर्वी, वरच्या सपाट जागी, गाडी पूर्ण थांबवून ४एल, म्हणजे लो रेंज, लावा आणि खालच्या गिअरमध्ये गाडी इंजिनाच्या जोरावर रांगत उतरू द्या. पहिल्या गिअरचा अटकाव बर्फावर कधीकधी एवढा होतो की चाकंच अडून घसरू लागतात. तसं वाटलं तर ४एलमधला दुसरा गिअर बरा. क्लच दाबायचा नाही. न्यूट्रल तर मनातही आणायचं नाही. इथे एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. थारसारख्या हाताच्या दांड्याच्या गाडीत ४एच आणि ४एल यांच्या मधे ट्रान्स्फर केसचंच न्यूट्रल असतं. दांडा त्या जागी राहिला तर गाडी पहिल्या गिअरमध्ये असो किंवा ऑटोमॅटिकचा ‘पी’ लावलेला असो, चाकांशी त्याचा संबंधच तुटलेला असतो. गाडी केवळ हँडब्रेकवर उभी असते. उतारावर हा बदल करायला गेलात आणि दांडा मधे अडकला तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय बऱ्याच गाड्यांत ४एल लावलं की ईएसपी बंद होतं. आपल्या गाडीचं काय होतं ते पुस्तिकेत आजच पाहून ठेवा.

डिफरन्शियल लॉक असलेल्यांना आणखी एक सांगणं. चिखलातून बाहेर काढायला तो देवासारखा धावून येतो. पण दरीकडे कललेल्या बर्फाळ रस्त्यावर लॉक लावला तर मागची दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडीचा मागचा भाग कलत्या बाजूला, म्हणजे दरीकडे जातो. तिथे त्याला हात लावू नका.

टायरबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि त्याची पकड उतरते. जाड, आडदांड नक्षीचे ऑफ-रोड टायर बर्फात भारी दिसतात, पण गोठलेल्या गुळगुळीत थरावर नुसत्या नक्षीचा उपयोग जवळजवळ शून्य. खरे हिवाळी टायर वेगळे असतात. त्यांच्या कडेला डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. कॅनडात क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे आणि फोर-बाय-फोर आहे म्हणून कुणाला सूट मिळत नाही. माँट्रिअलला नातेवाईक असतील तर विचारून पाहा. आपल्याकडे हे टायर सहज मिळत नाहीत, म्हणून उरतात त्या साखळ्या.

साखळ्या आपल्या टायरच्या मापाच्या घ्या आणि शक्यतो चारही चाकांना. एकच जोडी असेल तर ती कुठल्या चाकांना लावायची ते गाडीची पुस्तिका सांगते. फक्त मागे लावल्या तर उतारावर पुढची चाकं वळायला नकार देतात, फक्त पुढे लावल्या तर मागचा भाग फिरतो. त्यामुळे एका जोडीवर फार उड्या मारू नका. लावल्यावर शंभरेक मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा आवळा. कोरड्या डांबरावर त्या तुटतात आणि तुटलेला तुकडा मडगार्ड फाडतो. आणि कृपा करून त्या पहिल्यांदा बर्फात, अंधारात, बोटं बधिर झालेली असताना लावू नका. घरी, सोसायटीच्या आवारात दोनदा लावून काढा. शेजारी हसले तर हसू देत. पुण्यात साखळ्या लावणारा माणूस विनोदी दिसणारच.

इतकं करूनही गाडी घसरलीच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, जिकडे जायचं आहे तिकडे बघा आणि स्टीअरिंग तिकडेच हलकं वळवा. एबीएस असेल तर ब्रेक सलग दाबून धरा. नसेल, म्हणजे जिप्सीसारख्या जुन्या गाडीत, दाबा-सोडा करत राहा. दरी एका बाजूला आणि डोंगर दुसऱ्या बाजूला असेल तर डोंगर निवडा. पत्रा चेपेल, पण गाडी अडेल. घसरणाऱ्या गाडीला हात लावून अडवायला कुणीही, विशेषतः घरची तरुण मुलं, खालच्या बाजूला धावणार नाहीत हे आधीच बजावून ठेवा. दोन टनांच्या आसपासची गाडी माणसाने थांबत नाही. टोचन करतानाही दोरापासून सगळ्यांनी लांब उभं राहायचं.

गाड्यांच्या रांगेत अडकून पडलात तर धोका वेगळाच असतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फवादळात गाड्या अडकल्या आणि किमान २२ माणसं दगावली, बहुतेक आपापल्या गाडीत बसल्या जागी. थंडी होतीच, इंजिन चालू ठेवून हीटर लावलेल्या, बर्फात रुतलेल्या गाड्यांत कार्बन मोनॉक्साइड साचणं हेही कारण सांगितलं गेलं. या वायूला ना वास, ना रंग. माणसाला झोप येते आणि तो उठत नाही. सायलेन्सरच्या तोंडासमोरचा बर्फ हाताने काढत राहा, इंजिन थोडा वेळ चालवा आणि बंद करा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर खाली ठेवा. सगळे एकदम झोपू नका. ११२ ला फोन लागला तर शेवटचं ओळखीचं गाव, हॉटेल किंवा पूल सांगा. गाडीत पांघरुणं, पाणी, गूळ-शेंगदाण्यासारखं खाणं, फावडं आणि टॉर्च पाहिजेच. डिझेल गाडीवाल्यांनी टाकी महाराष्ट्रातल्या डिझेलवर ठेवून वर जाऊ नये; कडाक्याच्या थंडीत ते मेणासारखं घट्ट होऊ लागतं. डोंगरातल्या पंपावर भरा.

अजून निघाला नसाल तर या रविवारी एक काम करा. गावाबाहेर मुरमाचा किंवा शेताकडचा मोकळा कच्चा रस्ता शोधा आणि तिथे ४एच, ४एल लावून पाहा. विकत घेतल्यापासून त्या दांड्याला हात न लावलेले मालक थोडेथोडके नाहीत, आणि न वापरलेला दांडा गंजतो, जाम होतो, पुढची चाकं जोडलीच जात नाहीत. जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवावे लागतात, तेही तपासा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत का पाहा. पुढे नवे, मागे जुने असतील तर ४एचमध्ये सरळ रस्त्यावरसुद्धा तोच ताण साठतो. गाडी दोघं आळीपाळीने चालवणार असाल तर दोघांनीही हे करायचं.

निघालाच असाल, वाटेत कुठेतरी मंडी-कुलूच्या आसपास हे वाचत असाल, तर मनालीत पोहोचल्यावर सगळ्यात आधी साखळ्यांची सोय बघा; तिथे त्या भाड्यानेही मिळतात. रात्री गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना दगड लावून उभी करा. हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून सकाळी सुटत नाही. सकाळी हॉटेलवाल्याला नाही, तर वरून नुकत्याच खाली आलेल्या टॅक्सीवाल्याला रस्ता विचारा. तो ‘आज मत जाओ’ म्हणाला तर बोगद्यापलीकडे सिस्सूला खोली घेतली असली तरी तिचे भरलेले पैसे सोडून द्या आणि तिथे फोन करून आज येत नाही, असं कळवा.